ट्यूबिंग टेस्टला दाब धरत नाही: आधी कुठे बघायचं आणि कधी हात थांबवायचा

मुंबई हायमध्ये प्लॅटफॉर्मशेजारी जॅक-अप रिग उभी करून विहिरीत ट्यूबिंग, म्हणजे तेल वर आणणारी पाइपांची नळी, उतरवायचं काम चालू असलं की एक तक्रार हमखास येते: "दाब धरत नाही." आमचा क्रू टाँग, म्हणजे पाइप पिळणारं यंत्र, चालवतो आणि टॉर्क-टर्नचा (पिळण्याचा जोर आणि फेऱ्या मोजणारा) कॉम्प्युटर बघतो, त्यामुळे पहिलं बोट आमच्याकडे वळतं. दुसरं पाइप बनवणाऱ्या कारखान्याकडे. पाइपातच खोट निघाली असं मात्र फार कमी वेळा पाहिलंय. बहुतेकदा कारण डोपच्या (आट्यांना लावायच्या ग्रीससारख्या लेपाच्या) बादलीत, आटे झाकणाऱ्या घाणेरड्या प्रोटेक्टरमध्ये, तिरक्या लागलेल्या टाँगमध्ये, नाहीतर सरळ टेस्ट लाइनच्या व्हॉल्व्हमध्ये सापडतं. म्हणून खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो आणि ट्यूबिंग परत वर ओढण्यापर्यंत जातो. हा क्रम उलटा करू नका. रिगचं दिवसाचं भाडं किती असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रिगबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच: 'जॉइंट' म्हणजे एक अख्खा पाइप, साधारण नऊ-साडेनऊ मीटरचा. त्याचं बाहेरून आटे पाडलेलं टोक म्हणजे पिन, आतून आटे असलेलं म्हणजे बॉक्स. पिन बॉक्समध्ये पिळून बसली की तयार होतो तो जोड. समुद्रतळाखाली दीड-दोन किलोमीटरपर्यंत असे दोनशेच्या आसपास जोड एकाखाली एक लटकलेले असतात, आणि त्यातला एक गळला तरी सगळी ट्यूबिंग नापास.

लक्षणं

गळती नेहमी 'गळती' म्हणून समोर येत नाही. आमच्याकडे ती अशा रूपांत येते:

- टेस्टला दाब चढतो, पण अर्धा तास टिकत नाही. काटा सारख्या गतीने खाली येत राहतो.
- दाब चढायलाच अपेक्षेपेक्षा जास्त पाणी लागतं.
- टेस्ट चालू असताना अॅन्युलसमधून, म्हणजे ट्यूबिंग आणि तिच्याभोवतीच्या केसिंगमधल्या (विहिरीची भिंत धरणाऱ्या मोठ्या पाइपामधल्या) मोकळ्या जागेतून, पाण्याची बारीक धार येते.
- टॉर्क-टर्नच्या आलेखात शोल्डर (पिन आत टेकल्याची उभी चढण) दिसत नाही, किंवा फार लवकर अथवा फार वर दिसतो.
- जोड उलटा फिरवून उघडला की आट्यांवर धातू ओढल्याचे चरे दिसतात. यालाच आम्ही गॉलिंग म्हणतो.
- विहीर उत्पादनावर गेल्यावर लिफ्ट गॅस (तेल वर उचलायला विहिरीत सोडलेला गॅस) जास्त जातो आणि तेल कमी येतं.

शेवटचं लक्षण मुंबई हायसारख्या ठिकाणी महत्त्वाचं, कारण इथल्या कितीतरी विहिरी गॅस लिफ्टवर चालतात. गॅस अॅन्युलसमधून खाली जाऊन ठरलेल्या व्हॉल्व्हमधूनच ट्यूबिंगमध्ये शिरायला हवा. वरचा एखादा जोड गळत असेल तर गॅस तिथूनच आत घुसतो आणि खालचं तेल उचलायचं राहून जातं. अशा विहिरीत 'अॅन्युलसला दाब आहे' हे काही लक्षण नव्हे. तो दाब आपणच दिलेला असतो.

जोड कुठल्या जातीचा, हे आधी ठरवा

याला पैसा लागत नाही, पण पुढची प्रत्येक पायरी यावर अवलंबून आहे.

एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकाचा) साधा जोड, म्हणजे ट्यूबिंगमधला ईयूई (टोक बाहेरून जाड केलेला): इंचाला ८ गोल आटे, फुटाला पाऊण इंच निमुळते. असा जोड कितीही घट्ट पिळला तरी आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याचा तळ यांच्यात केसाएवढी सर्पिल वाट उरतेच. ती बुजवते डोप. जुना प्लंबर नळाला सुतळी आणि सफेदा लावतो, त्याच कुळातला हा प्रकार. एपीआयच्या जुन्या ठरलेल्या डोपमध्ये वजनाने ३०.५ टक्के शिसं, १८ टक्के ग्रॅफाइट, १२.२ टक्के जस्त आणि ३.३ टक्के तांबं असतं, आणि उरलेलं ३६ टक्के ग्रीस. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश भाग भुकटीचा. वाट अडवते ती ही भुकटी. पर्यावरणाच्या नियमांमुळे आता बऱ्याच ठिकाणी शिसं नसलेले डोप आलेत, काम तेच.

प्रीमियम जोड: यात पिनच्या टोकाशी घासून चकचकीत केलेला एक पट्टा असतो. तो बॉक्समधल्या तशाच पट्ट्यावर दाबून बसतो आणि धातूवर धातूने सील होतं. त्याच्यापुढे शोल्डर असतो, तिथे पिन टेकली की पुढे जात नाही. इथे डोपचं काम फक्त वंगणाचं.

म्हणून ईयूईला डोप कमी पडला तर गळती, आणि प्रीमियमला डोप जास्त झाला तरी गळती. एकाच डेकवर दोन्ही प्रकारची ट्यूबिंग पडलेली असेल, ब्रश तोच आणि हातही तोच, तर इथेच पहिली गफलत होते.

दिसायला सारखे पाइपही नीट वेगळे करा. साडेतीन इंची ईयूईचं वजन फुटाला ९.३ पौंड आणि प्रीमियमचं ९.२, एवढाच फरक. शिक्का वाचा, नुसत्या रंगावर जाऊ नका. तरी पोलादाच्या प्रतींचे रंग माहीत हवेत: जे-५५ ला एक हिरवा पट्टा, एन-८० ला लाल, एल-८० ला लाल आणि तपकिरी, पी-११० ला पांढरा.

१. गळतंय ते खरंच विहिरीत का?

टेस्ट पंप ते विहिरीचं तोंड यांच्यामध्ये चिकसन (वळणारे पाइप), हॅमर युनियन (हातोड्याने घट्ट करायचे जोड), दोन-तीन व्हॉल्व्ह आणि पंपाचा स्वतःचा चेक व्हॉल्व्ह असतो. यातलं काहीही पाझरू शकतं, आणि पाझरतंच. म्हणून विहिरीकडचा व्हॉल्व्ह बंद करून नुसती लाइन टेस्ट करा. तिथेच काटा उतरला तर विहिरीबद्दल बोलायचं कारणच नाही.

हे करताना दोन गोष्टी. दाब असताना युनियनवर हातोडा मारायचा नाही. आधी दाब शून्यावर आणायचा, मगच हात लावायचा. आणि १५०२ जातीच्या युनियनला १५०२ चाच जोडीदार हवा. दोन इंची १५०२ चा नट ६०२ किंवा १००२ च्या आट्यांवर बसल्यासारखा वाटतो, पण त्याची पकड अर्धवट असते आणि दाबाखाली तो सुटून उडतो. यात माणसं गेली आहेत.

लाइन पास झाली की अॅन्युलस काठोकाठ भरून त्याचं तोंड उघडं ठेवा आणि एका माणसाला तिथे उभं करा. ट्यूबिंगमधला दाब उतरतोय आणि अॅन्युलस शांत आहे, तर पुन्हा वरच्या सामानाकडे वळा. पाणी वर येत असेल तर गळती खाली आहे. पण तरी ती जोडातच आहे असं म्हणू नका, कारण टेस्टसाठी ट्यूबिंगच्या खालच्या टोकाला बसवलेला प्लगही (बूच) गळतो. पॅकर (अॅन्युलस खालून बुजवणारं सामान) अजून सेट केलेला नसेल तर प्लगमधून गेलेलं पाणीसुद्धा अॅन्युलसमधूनच वर येतं.

२. पाणी मोजा, काटा वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. का, ते मला आजवर कळलेलं नाही, कारण यासाठी फक्त कागद-पेन लागतं.

साडेतीन इंची ९.३ पौंडी ट्यूबिंगमध्ये मीटरला साधारण साडेचार लिटर पाणी मावतं. १,८०० मीटर ट्यूबिंग म्हणजे आठ हजार लिटरच्या आसपास. पाणी दाबलं जातं ते अगदी थोडं: दर पीएसआयला (दाबाचं एकक) दहा लाखांत तीन भाग. म्हणजे ३,००० पीएसआय चढवायला पाण्याच्या दाबले जाण्यापोटी ७३ लिटर लागतील. त्यात पाइप फुगतो त्याचे थोडे मिळवा. ८० च्या जवळपास पाण्यात काटा ३,००० ला यायला हवा. पंपाच्या टाकीतून दीडशे लिटर गेले आणि काटा तेव्हा कुठे पोचला, तर एकतर आत हवा अडकली आहे किंवा पाणी वाटेतच जातंय. हवा काढून पुन्हा भरा आणि पुन्हा मोजा.

याच हिशेबाने १०० पीएसआय उतरणं म्हणजे जेमतेम अडीच लिटर पाणी. एवढं पाणी एखाद्या सुटत्या पॅकिंगमधून डेकवर सांडलं तर ओल्या डेकवर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पहिली पायरी पहिली आहे.

तापमानही असंच फसवतं. काठोकाठ भरून बंद केलेल्या नळीत पाण्याचं तापमान एक अंशाने बदललं तर दाब ढोबळमानाने १०० पीएसआयने बदलतो. मे महिन्यात डेकवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी आत गेलं की समुद्राच्या पट्ट्यात ते थंड होतं आणि काटा उतरतो. खाली, खडकाच्या उष्णतेत, नेमकं उलटं. ओळखायची खूण अशी: दर दहा मिनिटांची घट लिहून ठेवा. १२०, ६०, ३० अशी ती निवळत गेली तर ती तापमानाची किंवा हवेची. ८०, ८०, ८० अशी एकाच चालीने आली तर गळती. निवळणारी असेल तर तासभर थांबून पुन्हा दाब द्या. पाइप ओढायचा निर्णय पहिल्या अर्ध्या तासात घेऊ नका.

३. डोपची बादली

शिसं आणि जस्त जड, ग्रीस हलकं. बादली महिनाभर कोपऱ्यात उभी राहिली की भुकटी तळाशी बसते. वरच्या थरातून लावलेले पहिले जॉइंट नुसत्या ग्रीसवर जातात, तळाशी पोचेपर्यंत हाताला चिखल लागतो. पहिल्यांत सील होत नाही. नंतरच्यांत घर्षण बदललेलं असतं, त्यामुळे टॉर्कचा आकडा तोच दिसतो पण जोड वेगळाच बसतो. म्हणून बादलीत फावडी घालून तळापासून ढवळा. घट्ट वाटतो म्हणून डिझेल घालून पातळ करायचं नाही. झाकण उघडं ठेवायचं नाही, कारण पावसाचा एक सडाका पुरतो.

बादलीवर घर्षणाचा गुणक छापलेला असतो. टॉर्कचे तक्ते बहुधा गुणक १ धरून केलेले असतात. डोपचा गुणक १.१ असेल तर तक्त्यातला टॉर्क १.१ ने गुणायचा. शिसंवाला डोप संपला आणि बोटीतून बिनशिशाचा आला, पण कॉम्प्युटरमधला आकडा जुनाच राहिला, असं फार वेळा घडतं. आणखी एक गोष्ट: पाइप यार्डातून येतो तेव्हा आट्यांवर जे ग्रीस असतं ते बहुधा साठवणुकीचं असतं, गंज लागू नये म्हणून. ते डोप नव्हे. त्याच्यावरच डोप थापला तर दोन्हींचं काम बिघडतं.

ईयूईला आटे भरतील एवढा डोप. प्रीमियमला पातळ थर, आट्यांचा आकार खालून दिसत राहील एवढाच, आणि सीलच्या पट्ट्यावर हलका हात. जास्त झालेला डोप बाहेर पडायला वाट नसली की आतच कोंडतो आणि त्याचाच दाब पिनच्या टोकाला आत ढकलतो. आलेखावर शोल्डरच्या आधी एक फुगवटा दिसतो, तो हाच.

४. आटे स्वच्छ आहेत का? तुम्ही स्वतः पाहिले का?

प्रोटेक्टर काढून, पिन धुऊन, तोच प्रोटेक्टर पुन्हा चढवला जातो आणि पाइप रॅकवरून कॅटवॉकवर ओढला जातो. धुतलेली पिन स्वच्छ असते, पण प्रोटेक्टर कुणी धुतलेला नसतो. आतली वाळू, गंजाची पूड, ग्लासब्लास्टिंगची धूळ पुन्हा पिनवर बसते. त्यामुळे पिनइतकाच प्रोटेक्टर साफ हवा, आणि तो पिन बॉक्सवर आणायच्या क्षणापर्यंत काढायचा नाही.

धुवायला सॉल्व्हंट आणि नायलॉनचा ब्रश, मग हवेने सुकवणं. डिझेलने धुतलं की त्याचा थर राहतो आणि डोप धातूला चिकटत नाही. तारेचा ब्रश सीलच्या पट्ट्यावर कधीच नाही. पहाटेच्या पाळीत बॉक्सच्या तळाशी दव साठतं, पावसाळ्यात तर पाणीच. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे तेही डोपसारखंच आत कोंडतं.

तपासायची आमची पद्धत साधी आहे. टॉर्च आडवी धरायची, म्हणजे चरे सावली टाकतात. मग कापसाचा बोळा आट्यांवरून हळू फिरवायचा. जिथे बारीक कड उचललेली असेल तिथे तंतू अडकतात. सीलच्या पट्ट्यावर अंगठ्याचं नख आडवं ओढायचं. नखाला काही लागलं तर तो जॉइंट बाजूला, त्यावर चर्चा नाही. हे काम डेकवर दिवसाउजेडी करायचं. फ्लोअरवर ड्रिलर घाईत असताना कुणी कापूस फिरवत बसत नाही.

५. पिन सरळ उतरते का?

वारा असला की लटकलेला जॉइंट हेलकावे खातो, आणि पिन बॉक्सच्या काठावर आपटते. प्रीमियमच्या पिनचं टोक, म्हणजेच सीलचा पट्टा, सगळ्यात आधी आपटतो. स्टॅबिंग गाइड (पिन बॉक्समध्ये सरळ उतरवणारं नरसाळं) वापरायचा कंटाळा करू नका. वर उभा असलेला स्टॅबर आणि खाली टाँगवाला यांना एकमेकांचा हात दिसला पाहिजे. आवाजावर विसंबून चालत नाही.

पहिल्या काही फेऱ्या हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने. हाताने फिरत नसेल तर टाँगने फिरवून ते बरं होणार नाही. उचला, पुसा, बघा, पुन्हा लावा. नंतरही वेग कमी: साध्या पाइपाला २५ आरपीएमच्या वर जायचं कारण नाही, आणि शेवटचा टप्पा त्याहून बराच हळू. १३ टक्के क्रोमच्या पाइपाला तर फारच जपावं लागतं. तो धातू मऊ नाही, पण स्वतःलाच चिकटायची त्याला खोड आहे. वेग वाढला, आटे तापले, की पृष्ठभाग सोलून निघतो. तिथे पाइपाचं वजन आट्यांवर येऊ न देणारी व्यवस्था आणि खुणा न पाडणारे डाय (टाँगचे पकडीचे दात) लागतात.

६. टाँग खरं बोलतोय का?

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा ही. लोड सेल (टाँगचा मोजणारा भाग) टॉर्क मोजत नाही, टाँगला धरून ठेवणाऱ्या दोरातला ताण मोजतो. कॉम्प्युटर त्या ताणाला टाँगच्या दांड्याच्या लांबीने गुणतो, आणि दोर दांड्याशी काटकोनात आहे असं गृहीत धरतो. काटकोन नसेल तर पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा. दोर ७५ अंशांत असेल तर पडद्यावरचे ३,००० फूट-पौंड प्रत्यक्षात २,९०० असतात. ६० अंशांत जेमतेम २,६००. दोर वर किंवा खाली झुकलेला असला तरी हीच तूट. खांब सोयीचा नाही म्हणून दोर बाजूच्या कड्याला बांधला जातो, आणि मग रात्रभर सगळे जोड कमी पिळले जातात. आकडे मात्र सगळे हिरवे.

दुसरी तपासणी टेपने. दांड्याची लांबी मोजा आणि कॉम्प्युटरमध्ये काय भरलीय ते बघा. कॉम्प्युटरला ३६ इंच सांगितलंय आणि टाँग ४२ इंची लावलाय, तर प्रत्येक जोड सहाव्या हिश्शाने जास्त पिळला जातोय. लोड सेलच्या कॅलिब्रेशनचा कागद मागून घ्या, तारीख आणि सेलचा नंबर जुळवा. जुना कागद नव्या सेलबरोबर फिरताना दिसतो.

तिसरी, कपलिंगच्या (दोन पाइप जोडणाऱ्या दोन तोंडांच्या बॉक्सच्या) खालच्या बाजूची. कपलिंगचं एक टोक कारखान्यातच चढवलेलं असतं. आपण वरचं टोक पिळतो तेव्हा कधीकधी खालचंच फिरतं. टॉर्क मिळाला, आलेख झाला, पण आपला जोड अर्धाच. यावर खडूची एक रेघ पुरते: कपलिंगवरून खालच्या पाइपावर सरळ ओढा, पिळून झाल्यावर बघा. रेघ तुटली असेल तर कारखान्याचा जोड हलला.

७. आलेख वाचा, आकडा नंतर

प्रीमियम जोडात शेवटचा टॉर्क बरोबर आहे म्हणून सील झालं असं होत नाही. घाणीमुळे किंवा गॉलिंगमुळे सगळा टॉर्क आट्यांतच खर्च होऊ शकतो आणि पिन शोल्डरला पोचतच नाही. आलेखात आधी आट्यांची सौम्य चढण दिसली पाहिजे, मग सील लागल्याची थोडी अधिक, मग शोल्डरला टेकल्यावर भिंतीसारखी उभी रेघ. शोल्डर कुठल्या टॉर्कला लागावा याचा पट्टा जोड बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात असतो. तो तक्ता पडद्याशेजारी चिकटवून ठेवा.

शोल्डरच नाही: टॉर्क कमी, गुणक चुकीचा किंवा गॉलिंग. शोल्डर फार वर: घाण, तिरकेपणा, नाहीतर सोललेले आटे. रेघ लाटेसारखी: पाइप वर हेलकावतोय. मध्येच खाली कोसळून पुन्हा वर: डाय घसरले, टाँग साफ करा. शोल्डरनंतर रेघ उभी राहण्याऐवजी आडवी व्हायला लागली: धातू हार मानतोय, ताबडतोब थांबा.

ईयूईला शोल्डर नाही. तिथे टॉर्क ठरलेल्याच्या ७५ ते १२५ टक्क्यांत आणि शेवटचा आटा कपलिंगच्या तोंडाशी योग्य जागी, या दोन्ही गोष्टी हव्यात. टॉर्क आला पण बरेच आटे बाहेर उघडे, किंवा आटे खोल बुडाले तरी टॉर्क नाही, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

इथे फ्लोअरवरून हमखास आवाज येतो, "अरे भाऊ, अजून थोडा पिळ की!" उत्तर ठरलेलं असू द्या: "नाही साहेब, उघडून बघतो." गळणारा जोड आणखी पिळून बंद होत नाही. सोललेला धातू आणखी सोलला जातो, पिनचं टोक आत वाकतं, आणि जो जोड धुऊन पुन्हा लागला असता तो भंगारात जातो.

८. उघडा, बघा, निर्णय घ्या

आलेख नापास म्हणजे जोड उघडायचा. हळू, वजन तोलून. धुवायचा आणि कापसाने तपासायचा. सील आणि आटे निर्मळ असतील तर पुन्हा लावता येतो. किती वेळा, ते कंपनीच्या तक्त्यात असतं. सीलवर चरा असेल तर पिनवाला जॉइंट आणि त्याच्या समोरचा बॉक्स दोन्ही बाद. फक्त पिन बदलली तर जुना बॉक्स नव्या पिनलाही खातो.

आट्यावरची छोटी उचललेली कड बारीक कानशीने घासायची परवानगी काही जोडांना असते, तीही अधिकृत निरीक्षक समोर असताना. सीलवर कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा विचार आपण करायचा नाही.

हे सगळं टाळण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे शेवटी एकदाच टेस्ट न करता दर काहीशे मीटरला टेस्ट करणं. वेळ लागतो, कंपनी मॅन (विहिरीच्या मालक कंपनीचा माणूस) कुरकुरतो. पण नापास झालं तर दोषी जोड शेवटच्या तीस-चाळिसांत आहे हे कळतं. सगळी ट्यूबिंग उतरल्यावर एकदम टेस्ट केली तर दोनशे उमेदवार असतात.

इथून पुढे आपलं काम नाही

खालचं काहीही दिसलं तर टाँग बंद करा आणि वर कळवा. यात 'बघू जरा' चालत नाही.

केसिंगच्या बाहेरच्या अॅन्युलसला दाब येतोय. नीडल व्हॉल्व्हमधून हळू सोडल्यावर तो शून्यावर गेला आणि परतला नाही तर तापमानाचा असू शकतो. परत चढला तर विहिरीची एक भिंत गेली आहे. हा व्हॉल्व्ह उघडायचा निर्णयही वेल इंटिग्रिटी इंजिनिअरचा, आपला नव्हे. आतल्या अॅन्युलसमध्ये लिफ्ट गॅस असेल तर तर्क आणखी गुंतागुंतीचा होतो.

कंडक्टरभोवती, म्हणजे विहिरीच्या सगळ्यात बाहेरच्या पाइपाभोवती, समुद्रात बुडबुडे दिसतात. हे पाहून कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढत असेल तर त्याला आधी अलार्मकडे पाठवा.

विहीर आंबट आहे, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आहे. वसई क्षेत्राच्या गॅसमध्ये तो असतो. अशा विहिरीत पी-११० सारखा कडक पाइप चुकून गेला असेल तर प्रश्न गळतीचा राहत नाही. कडक पोलाद त्या गॅसमध्ये ताणाखाली अचानक तडकतं. शिक्के पुन्हा वाचायला लागले तर काम थांबवूनच वाचा.

एकाच लॉटचे जॉइंट सलग नापास होतायत आणि डोप, टाँग, सरळपणा सगळं तपासून झालंय. आता आट्यांची मापं गेजने घ्यायला जोड बनवणाऱ्या कंपनीचा निरीक्षक हवा. गॅससाठी खात्री हवी असेल तर जोडाभोवती पेटी बसवून हेलियमने टेस्ट करणारे वेगळे लोक असतात. ट्यूबिंग आधीच खाली बसली असेल आणि गळती शोधायची असेल तर वायरलाइनवरून (विहिरीत सोडलेल्या तारेवरून) तापमान आणि आवाजाचं लॉगिंग, म्हणजे खोलीनुसार नोंद, करणारे येतात. आणि आंबट विहीर, बाहेरच्या अॅन्युलसचा दाब किंवा बुडबुडे यांतलं काही असेल तर नोंद वरपर्यंत जायलाच हवी. भारतात समुद्रातल्या तेलकामाची सुरक्षा २००८ च्या नियमांखाली ओआयएसडी (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) बघते, आणि त्या नोंदीत आपल्या शिफ्टचा कागदही लागतो.

त्यांना बोलावताना हातात ठेवा: सगळ्या आलेखांची फाइल, नापास झालेलेसुद्धा. जॉइंटच्या नंबरांची टॅली. डोपच्या बादलीवरचा बॅच नंबर आणि मूठभर डोप डबीत. लोड सेलचा कागद. टेस्टच्या दर दहा मिनिटांचे आकडे. आणि सोललेली पिन. ती धुऊ नका, तशीच डोपसकट प्रोटेक्टर चढवून, नंबर रंगवून वेगळी बांधा आणि न्हावा इथल्या पुरवठा तळाकडे जाणाऱ्या बोटीत इतर भंगाराबरोबर जाणार नाही एवढं बघा. गॉलिंग पिनच्या टोकाशी सुरू झालं की मुळाशी, एका बाजूला आहे की पूर्ण गोल, यावरून निरीक्षक तिरकेपणा, वेग, डोप की माप हे बरंचसं सांगू शकतो. धुतलेल्या पिनवरून त्यातलं अर्धंच कळतं.